गच्चीवरचा हीट पंप : वर्षभराच्या वापरानंतर

बोरिवलीतील आमच्या इमारतीत आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. घरात सहा माणसे असल्याने दोन्ही न्हाणीघरांतील गीझर सकाळभर आळीपाळीने चालू असत. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीची लेखी परवानगी घेऊन गच्चीवर २०० लिटर टाकीचा, हवेतील उष्णतेवर पाणी तापवणारा हीट पंप बसवला. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. जो काही मनस्ताप झाला तो जोडणीपायी.

विजेचा हिशेब असा. १५० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ५.२ युनिट उष्णता लागते आणि गीझर ती सगळी विजेतूनच देतो. हीट पंपाची वीज मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यापुरती खर्च होते, उष्णतेचा मोठा वाटा तो बाहेरच्या हवेतून घेतो. आमच्या वेगळ्या मीटरवर रोज दीड ते दोन युनिट पडतात. मात्र मे महिन्यात, जेव्हा गरम हवेमुळे यंत्र सर्वांत काटकसरीने चालते, तेव्हा गच्चीवरच्या इमारतीच्या टाकीतले पाणीच उन्हाने इतके तापलेले असते की गरम पाण्याचा नळ फारसा कोणी सोडत नाही. म्हणून विक्रेते थंडीतल्या एका दिवसाच्या बचतीला ३६५ ने गुणून जो आकडा दाखवतात, तो मुंबईत धरू नये. दोन माणसांच्या घराला तर मी हे यंत्र सुचवणार नाही.

आता जोडणी. टाकीतले पाणीच २०० किलोचे, तेव्हा स्टँड तुळईवर येईल अशी जागा इंजिनिअरला दाखवून ठरवली. शेवटच्या मजल्याला मुळातच दाब कमी. पाण्याच्या १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाब मिळतो आणि आमच्या शॉवरच्या वाट्याला तीन-चार मीटरच येतात. त्यामुळे प्रेशर पंप लावावा लागला, आणि तो फक्त गरम लाइनवर न लावता गार व गरम अशा दोन्ही लाइनींच्या आधी लावून घेतला, कारण दाब असमान असला की गार-गरम पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळात जास्त दाबाचे पाणी दुसऱ्या लाइनीत घुसते. यंत्राच्या टाकीत थंड पाणी आत येते तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारी झडप, हवाच.

दूरच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप सुमारे १५ मीटर जातो. त्यात जवळजवळ चार लिटर पाणी मावते, आणि मधल्या वेळात गार झालेले हे पाणी प्रत्येक वेळी आधी बादलीत काढावे लागते. पाइपावर काळ्या फोमचे आवरण आहे, उन्हापासून तो फोम वाचावा म्हणून वरून पत्राही आहे. तरी हा दोष जात नाही. न्हाणीघरे जवळजवळ असलेल्या घरांना तो जाणवणार नाही.

सर्वांत चीड आणणारा प्रकार सेफ्टी व्हॉल्व्हचा. पाणी तापताना प्रसरण पावते, म्हणून त्या व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडणे स्वाभाविक असते. प्लंबरने त्याच्या तोंडाला सरळ बूच मारले आणि विचारल्यावर म्हणाला, “टपकत होतं साहेब, म्हणून बंद केलं.” दाब वाढून टाकी फुटू नये यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो! मी उभे राहून बूच काढायला लावले आणि तोंडापासून थेट मोरीपर्यंत उतरती नळी टाकून घेतली.

यंत्रातून गळणाऱ्या पाण्याचा प्रश्न वेगळा. पावसाळ्याच्या दमट हवेत गार कॉइलवर एसीसारखेच पाणी जमते आणि धार लागते. कंपनीच्या माणसाने ती नळी गच्चीवर मोकळी सोडली, कारण निचरा म्हणे त्याच्या कामात बसत नाही. वॉटरप्रूफिंगवर पाणी साचू लागताच सेक्रेटरींची चिठ्ठी आली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि कंपनी या तिघांची कामे कुठे संपतात, हे पैसे देण्याआधीच कागदावर लिहून घ्यावे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) कोण लावणार, हेसुद्धा.

टायमर दुपारी एक ते चारचा ठेवला आहे. तेव्हा हवा गरम असते आणि पंख्याची घरघर कोणाच्या झोपेत येत नाही. खारट हवेने कॉइलच्या पात्या खराब होऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून त्या साध्या पाण्याने धुतो. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा वार्षिक करारात धरलेला नाही, तो बदलण्याचा खर्च वेगळा होईल. कबुतरांनी यंत्रामागे काड्या आणायला सुरुवात केल्यावर तिन्ही बाजूंनी जाळी बसवली, मात्र पंख्याच्या तोंडापासून ती हातभर लांब ठेवली आहे.