फोनमधले फोटो मोठे करून भिंतीवर लावले: गुहागरच्या घरात एक आख्खा पावसाळा गेल्यानंतर

फोटो फ्रेम करण्याबद्दल घाटावरच्या लोकांनी जे लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून कोकणातल्या घरात फ्रेम लावू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्यांची सगळी चर्चा फोटो किती मोठा होईल यावर असते. आमच्याकडे त्याच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मूळ फाइल आपल्या हातात आली आहे का? आणि फोटो काचेला टेकत नाही ना? या दोन गोष्टी जमल्या तर साध्या फोनमधला फोटोही बारा बाय सोळा इंचात सुरेख दिसतो. नाही जमल्या, तर महागडा कॅमेरा असूनही काही उपयोग नाही.

आमचं घर समुद्रापासून एका वाडीच्या अंतरावर आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळी, त्यापलीकडे सुरूचं बन आणि पुळण. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत कपाटातल्या साड्यांनाही कुबट वास येतो, तिथे कागदाचं काय होत असेल ते सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात घराची डागडुजी झाली, तेव्हा ओटी, माजघर आणि जिन्याच्या भिंतीवर घरच्यांचे फोटो लावले. बहुतेक प्रिंट लॅबमधून काढून आणले, एक कॅनव्हास ऑनलाइन मागवला, आणि छोटे फोटो घरच्या प्रिंटरवर काढले. पावसाळा संपला, भिंती सुकल्या, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोटो गोळा करण्यात. माझ्या नणंदेचं घर चिपळूणला, बाजारपेठेजवळ. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या तळमजल्यावर छातीच्या वर पाणी होतं. लग्नाचे, मुंजीचे सगळे अल्बम चिखलात गेले. पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवायला गेलं की रंगच निघून यायचा. उरले ते फक्त कुणी ना कुणी कधीतरी फोनवर काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले फोटो. म्हणून मी चुलतसासऱ्यांपासून बहारीनच्या भाच्यापर्यंत सगळ्यांकडे फोटो मागितले.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो वाटेत लहान होतो. फोनने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो, समोरच्याकडे पोचतो तेव्हा तो साधारण १६०० × १२०० उरतो. फोनच्या छोट्या पडद्यावर फरक कळतच नाही, म्हणून पाठवणाऱ्याला आपण मूळ फोटोच दिला असं वाटतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला आहे. तो बरा आहे, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ हवा असेल तर पिनेच्या खुणेवर बोट ठेवून ‘डॉक्युमेंट’ निवडायचं आणि तिथून फोटो जोडायचा. आमच्या मोठ्या काकांना हे एकदा फोनवर समजावून सांगितलं. त्यानंतर ते इतरांनाही सांगू लागले, “अगं, कागद म्हणून पाठव, चित्र म्हणून नको.” आलेल्या फोटोचे तपशील उघडून आकडे बघण्याची सवय लावून घ्या. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं आणि पुढे आकडे असतील, तर तो बहुधा व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरलेला आहे, असं समजा. अशा वेळी तो मुळात कुणाच्या फोनने काढला होता ते विचारायचं आणि त्या माणसाला गाठायचं. जुना फोन खणात पडून असतो, तो चार्जिंगला लावला की बऱ्याचदा मूळ फोटो सापडतो. आम्हाला नणंदेच्या मुलाच्या मुंजीतले फोटो असेच मिळाले.

गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा तर नेटची गरजच नाही. दोन अँड्रॉइड फोन शेजारी ठेवून क्विक शेअरने आणि आयफोनवाल्यांचं एअरड्रॉपने मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आमच्याकडे पावसात रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे मला हीच पद्धत सगळ्यात आवडली. लांबच्यांसाठी गुगल फोटोजचा सामायिक अल्बम केला. तिथे ज्याने ‘स्टोरेज सेव्हर’ ठेवलं आहे, त्याचा सोळा मेगापिक्सेलच्या वरचा फोटो सोळावर आणला जातो. छापायला तेवढाही पुरतो, तरी शक्य असेल तर ‘ओरिजिनल’ ठेवायला सांगा. १ जून २०२१ पासून हे सगळं १५ जीबीच्या मोफत जागेत मोजलं जातं, म्हणून फोटो आले की मी ते हार्ड डिस्कवर उतरवून घेते.

आता मापाचं. लॅबच्या प्रिंटला इंचाला तीनशे ठिपके मिळाले तर उत्तमच, पण भिंतीवरचा फोटो आपण हातभर लांबून बघतो, तिथे दोनशेही पुरतात. त्या हिशेबाने ४००० × ३००० चा फोटो बारा बाय सोळा इंचात काढला तर इंचाला अडीचशे ठिपके मिळतात, म्हणजे छान. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला १६०० × १२०० चा फोटो मात्र सहा बाय आठच्या पुढे नेऊ नये. त्याला बारा बाय अठरा केलं की इंचाला शंभरही ठिपके उरत नाहीत आणि चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

पुरातून वाचलेल्या फोटोंसाठी मला जो उपाय सापडला, तो मी सगळ्यांना सांगते. फोटो लहानच ठेवा, फ्रेम मोठी करा. सहा बाय आठचा प्रिंट, भोवती तीन-साडेतीन इंच पांढरा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, आणि बाहेर बारा बाय पंधराची फ्रेम. भिंतीवर तो लांबून नजरेत भरतो आणि जवळ गेलं तरी फुटलेला दिसत नाही. नणंदेच्या सासूबाईंचा तुळशीपुढचा फोटो असा केला आहे. नऊवारीचा काठ, नथ, हातातलं निरांजन सगळं स्वच्छ दिसतं. तोच फोटो एआयने मोठा करून बघितला होता. नथीतले मोती सगळे एकसारखे गोल झाले, काठावर भलतीच नक्षी आली आणि गालावरचा तीळ गेला. निसर्गचित्रांना हे चालत असेल. आपल्या माणसांच्या चेहऱ्याला मी ते लावणार नाही.

मापातली दुसरी गोष्ट आकाराची. फोनचा फोटो चार बाय तीनच्या प्रमाणात असतो, लॅबची मापं मात्र बहुतेक तीन बाय दोनची: चार बाय सहा, आठ बाय बारा, बारा बाय अठरा. काहीच न सांगता दिलं तर वरखालून मिळून अकरा टक्के भाग कापला जातो. आमच्या एका लॅबने शिमग्याच्या पालखीचा फोटो छापताना वरचं निशाण अर्धं कापून दिलं. पुन्हा काढून घेताना मी सांगितलं, बारा बाय अठराच्या कागदावर बारा बाय सोळाच छापा, दोन्ही बाजूंना इंच इंच पांढरं राहू दे. ती कड माउंटखाली जाते. हे ते आनंदाने करतात, फक्त सांगावं लागतं.

तसंच ‘ऑटो करेक्शन नको’ हेही आठवणीने सांगा. लॅबचं मशीन लेझरने प्रकाशसंवेदी कागदावर फोटो उमटवतं आणि मग तो रसायनांतून काढतं. रंग फार गोड येतात. पण करेक्शन चालू असेल तर मशालींच्या उजेडातली पालखी ट्यूबलाइटखाली असल्यासारखी उजळून येते. उलट, फोनचा पडदा आतून उजळलेला असतो आणि कागद नसतो, त्यामुळे अंधारे फोटो देण्याआधी आपणच थोडे उजळ करावेत. एखादा चार बाय सहा काढून दिवसाउजेडी बघावा आणि मगच मोठा सांगावा. आयफोनवाल्यांनी एचईआयसीऐवजी (आयफोनच्या फोटोंची फाइल) जेपीईजी द्यावं, प्रत्येक लॅबमध्ये एचईआयसी फाइल उघडतेच असं नाही. कागद मॅट घ्या. ओटीवर समोरून उजेड येतो, तिथे ग्लॉसीत फोटोऐवजी दारच दिसतं.

आता काच. आमच्या घरात आजेसासऱ्यांचा एक जुना फोटो आहे, काच थेट फोटोवर टेकवून बसवलेला. इतक्या वर्षांच्या दमट हवेने फोटोचा वरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटला आहे. उजेडात तिरकं धरलं की कुठे चिकटलं आहे ते कळतं. डाव्या खांद्यापासून कानापर्यंत ओलसर, चकचकीत डाग दिसतो आणि त्याच्या कडेने बुरशीचे बारीक ठिपके. असा फोटो कुणीही ओढून सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेवर राहतो. फ्रेमची पट्टी काढायची, काच आणि फोटो एकत्रच ठेवायचे आणि त्यावरूनच नवा फोटो काढायचा. घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरमधला स्कॅनर इथे उपयोगाचा नाही, काचेच्या जाडीएवढ्या अंतरानेही त्याला धूसर दिसतं. मी तो पडवीत, उन्हाबाहेर, भिंतीला टेकवून ठेवला, फोनच्या मागे काळी शाल धरायला लावली म्हणजे काचेत आमची प्रतिबिंबं येणार नाहीत, आणि थोडं लांब उभं राहून दुपटीच्या लेन्सने फोटो काढला. त्याचा आठ बाय दहा इतका चांगला आला की सासरे कितीतरी वेळ तो हातात घेऊन बसले होते.

हे बघितल्यामुळे नव्या फ्रेमच्या बाबतीत मी एकही तडजोड केली नाही. प्रत्येक फोटोला माउंट, म्हणजे काच आणि कागदात फट राहते. फोटो मागच्या बोर्डावर पूर्ण चिकटवायचा नाही, फक्त वरच्या कडेला टेपने टांगायचा, म्हणजे पावसात कागद फुगला तरी त्याला पसरायला जागा मिळते आणि लाटा येत नाहीत. मागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, कारण हार्डबोर्ड ओल पितो आणि फुगतो. मागची फट टेपने बंद, नाहीतर कसर शिरते. फ्रेमवाल्याला हे सगळं फार वाटलं. तो म्हणाला, “ताई, एवढं कोणी करत नाही.” पण त्याने केलं आणि मन लावून केलं. पावसाळ्यानंतर या फ्रेमपैकी एकीलाही डाग नाही, एकही फोटो काचेला लागलेला नाही. जिन्यात मात्र काचेऐवजी ॲक्रेलिक लावलं, मुलं धावतात म्हणून. ते हलकं आहे, फुटत नाही, पण ओरखडे पडतात आणि धूळ ओढतं. मऊ सुती फडक्याशिवाय पुसू नये.

टांगण्याबद्दल थोडंसं. आमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत आणि पश्चिमेच्या भिंतीवर झड येते. तिथे आतून गिलावा असला तरी श्रावणात हात लावला की गार, ओलसर लागतं. त्या भिंतीवर एकही फोटो लावलेला नाही. बाकीच्या फ्रेमना मागून खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर वारा खेळतो. त्या फटीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेवढं अधूनमधून बघावं लागतं. खिळे पितळी. लोखंडी खिळ्याला खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो आणि खाली भिंतीवर तांबडा ओघळ येतो.

कॅनव्हासला मी पैकीच्या पैकी देणार नाही. वेळणेश्वरच्या किनाऱ्याचा फोटो त्यावर घेतला, रंग छान, काच नसल्यामुळे चकाकत नाही. पण जुलैत कापड सैल पडलं, मधोमध पोट आलं. आता कोरड्या हवेत ते पुन्हा ताणलं गेलं आहे. मागवताना कोपऱ्यांत ठोकायच्या लाकडी पाचरा आहेत का ते विचारा.

घरचा सहा शाईंचा टाकीवाला प्रिंटर छोट्या फोटोंसाठी उपयोगाचा आहे. आठवड्यातून एखादा रंगीत प्रिंट काढत राहिलं तर शाई सुकत नाही. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पावसात उघडा राहिलेला कागद वळतो. प्रिंट काढल्या काढल्या काचेखाली घालू नका, निदान एक दिवस मोकळा सुकू द्या, नाहीतर काचेला आतून धुकट थर येतो. मोठ्या मापासाठी मात्र मी लॅबकडेच जाते.

खर्चाचं म्हणाल तर प्रिंट स्वस्त पडतो, पैसे फ्रेमला जातात, आणि माउंट, सनबोर्डाने ते आणखी वाढतात. मला ते वसूल झाल्यासारखे वाटतात. पट्टी सागवानी घेतलेल्या फ्रेम आणि सिंथेटिक पट्टीच्या फ्रेम, दोन्ही पावसाळ्यात सारख्याच टिकल्या, त्यामुळे तिथे पैसे वाचवले तरी चालतील. माजघरातली एक भिंत अजून मोकळी आहे. गणपतीत भाच्याच्या आयफोनमधून घेतलेले फोटो तिथे लावायचे आहेत: बारा बाय सोळा, मॅट, करेक्शन नाही, माउंट अडीच इंच, मागे सनबोर्ड.