अणुइंजिनाची न्यूट्रॉन ढाल: लिथियम हायड्राइड की बोरॉन-टायटॅनियमचं मिश्रण?

अंतराळयानातल्या अणुभट्टीतून सुटणारे न्यूट्रॉन उपकरणांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून मध्ये ढाल बसवतात. तिचं साहित्य ठरवताना वजनाच्याही आधी तापमान पाहावं लागतं. ढाल किती तापणार आणि किती काळ, हे कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

यानाला वर्षानुवर्षं वीज पुरवणाऱ्या अणुभट्टीसाठी लिथियम हायड्राइडच घ्या. घनता 0.78, म्हणजे पाण्याहून हलकं, तरी त्यात हायड्रोजनचे अणू जवळपास पाण्यातल्याइतकेच दाट. तो वेगवान न्यूट्रॉनांना मंदावतो, मग लिथियम-6 (लिथियमचाच एक प्रकार) त्यांना शोषतं आणि त्यातून गॅमा किरण निघत नाहीत. 1965 साली कक्षेत गेलेल्या अमेरिकी स्नॅप-10ए अणुभट्टीची ढाल याचीच होती.

मात्र हा पदार्थ सांभाळायला अवघड. न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली तो फुगतो, आणि थंड ठेवला तर कमी नव्हे, जास्त फुगतो! म्हणून तो साधारण 325 ते 405 अंश सेल्सिअसमध्ये राखतात. 688 अंशांना तो वितळतो, आकारमान सुमारे पाव पटीने वाढतं आणि डबा फाटू शकतो. दमट हवा लागली की हायड्रोजन सुटतो, त्यामुळे स्टेनलेस स्टीलचा हवाबंद डबा हवाच. ओतकाम थंड होताना आकसून तडे जातात. तड्यांतून न्यूट्रॉन सरळ पार होतात. आत मधपोळ्यासारखी स्टीलची जाळी बसवली तर मोठे तडे पडत नाहीत.

थेट हायड्रोजन तापवून ढकलणाऱ्या इंजिनाचं गणित निराळं. तिथे ढाल भट्टीला खेटून असते आणि टाकीतला द्रव हायड्रोजन तापू न देणं हे तिचं मोठं काम; तो तापला तर त्याला इंजिनात ढकलणाऱ्या टर्बोपंपात बुडबुडे धरतात. अमेरिकेच्या नर्व्हा या अणुरॉकेट प्रकल्पात बोरॉन कार्बाइड, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हायड्राइड यांचं मिश्रण निवडलं होतं. जड आहे, पण ॲल्युमिनियम उष्णता पसरवतं आणि वाहता हायड्रोजन ती नेतो. फार तापलं तर टायटॅनियम हायड्राइडमधला हायड्रोजन निसटतो. बोरॉन-10 (बोरॉनचा एक प्रकार) न्यूट्रॉन शोषताना हेलियम तयार होतो, कार्बाइडचे कण फुगून तडकतात. इंजिन एकूण काही तासच चालणार असेल, तर हे खपतं.

नुसत्या बोरॉन कार्बाइडवर मात्र विसंबू नका. बोरॉन मंद न्यूट्रॉनच नीट पकडतो, वेगवान निसटतात.

यान आणि भट्टीतलं अंतर 10 वरून 20 मीटर केलं तर मारा सुमारे चौथाईवर येतो. रेडिएटरचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांचा, एखादा कोपरा ढालीच्या सावलीबाहेर (तिच्याआडच्या शंकूसारख्या सुरक्षित भागाबाहेर) राहिला, तर त्यावरून विखुरलेले न्यूट्रॉन उपकरणांवर येतात. तेव्हा रेडिएटर सावलीच्या शंकूतच कापून बसवा.