पितळेची मोड विकताना काटा, चुंबक आणि कानस: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्लंबिंगच्या कामात जुनं पितळ सतत निघत असतं. तोट्या, गेट व्हॉल्व्ह, एल्बो, निपल, पाण्याच्या मीटरची कवचं. पोतं भरलं की भंगारवाल्याकडे न्यायचं, तो सांगेल ते वजन आणि तो सांगेल तो भाव मान्य करायचा, अशी बहुतेकांची रीत आहे. गेले काही महिने मी प्रत्येक विक्रीच्या आधी तीन साधनं नियमाने वापरतो आहे: ५० किलोपर्यंत तोलणारा डिजिटल हँगिंग काटा, एक लोहचुंबक आणि बारीक दातांची त्रिकोणी कानस. तिन्ही स्वस्त आहेत आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय की घासाघीस करून भाव जितका चढतो, त्याहून कितीतरी जास्त तो माल निवडून नेल्याने चढतो. निवडलेल्या मालावर घासाघीस करायची वेळच फारशी येत नाही.

आधी काट्याबद्दल. माझ्या काट्याचे भाग १० ग्रॅमचे आहेत, म्हणजे आकडा १० ग्रॅमच्या टप्प्याने बदलतो, पण १० ग्रॅमचे भाग म्हणजे १० ग्रॅमची अचूकता नव्हे. एकच पोतं पाठोपाठ लटकवलं तर आकडा थोडा मागेपुढे होतो. पोतं झुलत असताना वाचलेला आकडा तर धरायचाच नाही. काटा हातात धरण्याऐवजी खुंटीला किंवा आडव्या पाइपला टांगला की वाचन बरंच स्थिर येतं. उन्हात तापलेला काटा शून्यावरून सरकतो, म्हणून सावलीत ठेवून मगच चालू करतो. बॅटरी उतरली की आकडे आधी नाचायला लागतात आणि सूचनेचं चिन्ह नंतर दिसतं. आकडा नाचला की बॅटरी बदलायची, हे मी ठरवूनच टाकलंय. वाचन गोठवून ठेवणारं बटण चांगलं आहे, पण पोतं पूर्ण थांबायच्या आतच काटा कधीकधी आकडा धरून बसतो. त्यामुळे मी ते बंद ठेवतो.

काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला मी एक साक्षीचा तुकडा ठेवलाय. जाड लोखंडी फ्लॅंज आहे, सरकारी तपासणीचा शिक्का असलेल्या काट्यावर तोलून त्याचं वजन रंगाने त्याच्यावरच लिहिलंय. प्रत्येक वेळी माल तोलण्याआधी तो लटकवतो. आकडा जुळला तर पुढे जायचं. हाच तुकडा भंगारवाल्याच्या काट्यावरही ठेवता येतो, आणि माझ्या मते या सगळ्या साहित्यातली सर्वात उपयोगी वस्तू हीच आहे. आपला घरगुती काटा व्यापाराच्या वजनाला पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे ‘माझ्या काट्यावर जास्त भरलं’ एवढ्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. पण ‘शेठ, हा एक तुकडा ठेवून बघू का? याचं वजन मला माहीत आहे’ असं शांतपणे म्हटलं, की कुणी रागवत नाही आणि काटाही नीट शून्यावर आणला जातो. काटा मारणारा असेल तर तो आपोआप सावध होतो. एका ठिकाणी तुकडा ठेवू द्यायलाच नकार मिळाला. तिथून मी पोतं उचलून परत आलो आणि पुन्हा गेलो नाही.

आता चुंबक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्याला चुंबक चिकटत नाही. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी वस्तूला घट्ट चिकटतं. दाराच्या कड्या, बिजागऱ्या, शोभेच्या मुठी यांत असा माल पुष्कळ निघतो. मी सुरुवातीला निओडिमियमचा जोरदार चुंबक घेतला होता, पण आता बहुतेक कामाला साधा काळा फेराइटचा चुंबकच वापरतो. जोरदार चुंबक व्हॉल्व्हच्या आत बसलेला छोटासा पोलादी स्क्रूसुद्धा ओढतो आणि आख्खा तुकडा लोखंडी वाटायला लागतो. क्रोमच्या खाली निकेलचा पातळ थर असतो, निकेलही चुंबकीय असतं, त्यामुळे चकचकीत नळावरही पुसट ओढ जाणवते. काही ताकदवान पितळांत थोडं लोह मुद्दाम मिसळलेलं असतं, तीही अशीच किंचित ओढ दाखवतात. साध्या चुंबकाने हा गोंधळ होत नाही. निओडिमियमचा चुंबक मी आतलं लोखंड शोधायला ठेवलाय. दिव्यांच्या स्टँडचे किंवा मेणबत्तीदाण्यांचे तळ जड करायला कधी आत लोखंड भरलेलं असतं, ते त्याने कळतं. सिमेंट भरलेलं असेल तर मात्र चुंबकाला काही कळत नाही, तळाचं झाकण काढूनच पाहावं लागतं.

चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ झालं, असं धरून चालणं महागात पडतं. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला चुंबक चिकटत नाही, स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच प्रकारांना चिकटत नाही, ॲल्युमिनियमला तर नाहीच. हल्लीच्या क्रोम केलेल्या नळांमध्ये जस्ताच्या ओतीव मुठी आणि झाकणं भरपूर असतात. भंगारवाल्याला पोत्यात तसे दोनचार तुकडे दिसले की तो आख्ख्या पोत्याचा भाव पाडतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते रास्तच आहे.

इथे कानस लागते. नजरेआड असलेल्या कडेवर कानशीचा कोपरा दोनतीनदा दाबून ओढायचा. क्रोमचा थर कडक असतो, पण पातळ असतो, लवकर फुटतो. खाली पिवळा धातू दिसला तर पितळ. करडा-पांढरा आणि कानशीला मऊ लागला तर जस्त. पांढरा पण कानशीला कडक लागला, तर स्टेनलेस. पिवळ्याऐवजी लालसर किंवा गुलाबीकडे झुकणारा रंग दिसला तर तो तुकडा लगेच वेगळ्या बादलीत टाकायचा, कारण त्यात तांबं जास्त आहे. रंग नुकत्याच घासलेल्या जागेवर आणि दिवसाच्या उजेडातच पाहायचा. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात सगळंच पितळ दिसतं. नळाच्या पितळेत बहुधा थोडं शिसं असतं, यंत्रावर सहज कातता यावं म्हणून ते घातलेलं असतं. म्हणून कानस मारताना खाली कागद ठेवतो, भुकटी फुंकत नाही आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतो.

कानशीनेही शंका फिटली नाही तर पाण्यातलं वजन घ्यायचं. हा प्रयोग मला फार आवडतो. काट्याला नायलॉनची दोरी बांधून तुकडा हवेत तोलायचा, मग बादलीभर पाण्यात तो पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पुन्हा तोलायचा. हवेतल्या वजनाला घटलेल्या वजनाने भागायचं. समजा व्हॉल्व्ह हवेत १.७० किलो भरला आणि पाण्यात १.५० किलो. घट ०.२० किलो, भागाकार ८.५. पितळेची घनता साधारण ८.४ ते ८.७ असते, म्हणजे माल पितळेचा आहे. तेवढ्याच वजनाचा तुकडा जस्ताच्या मिश्रधातूचा असता तर घट ०.२५ किलोच्या आसपास आली असती आणि उत्तर पावणेसातच्या जवळ गेलं असतं. ॲल्युमिनियमचं उत्तर २.७ येतं. पोकळ भागात हवेचा बुडबुडा अडकला तर हिशेब पार चुकतो, म्हणून पाण्याखाली तुकडा उलटसुलट करून सगळी हवा बाहेर काढायची. रबर, प्लास्टिकची मूठ, आतली सिरॅमिकची चकती आधी काढून टाकायची. १० ग्रॅमचे भाग असलेल्या काट्यावर दीड किलोच्या खालच्या तुकड्याला ही चाचणी लावू नये. वरच्याच उदाहरणात घट १० ग्रॅमने इकडेतिकडे झाली तर उत्तर ८.१ ते ८.९ कुठेही पडू शकतं. जस्त आणि पितळ ओळखायला तेवढं पुरतं. पिवळं पितळ आणि लालसर मिश्रधातू यांतला फरक मात्र यावरून सांगता येत नाही, तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मग सोलायचं काम. भंगाराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात पिवळ्या पितळेच्या मालाला ‘हनी’ असं नाव आहे. त्या वर्णनात मुलामा दिलेलं पितळ चालतं. लोखंड, झाळ वितळवून न काढलेले रेडिएटर आणि फार घाण किंवा गंजलेला माल चालत नाही. यातून दोन गोष्टी उघड होतात. क्रोम काढण्यात किंवा पितळ घासून चकचकीत करण्यात घालवलेला वेळ वाया जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. उलट पोलादी स्पिंडल, स्क्रू, वॉशर, चुन्याचा जाड थर काढण्यात घालवलेला वेळ पुरेपूर वसूल होतो. अडकलेले गेट व्हॉल्व्ह शिकंज्यात धरून उघडायला मेहनत पडते, पण आतलं लोखंड निघालं की घटीची चर्चाच संपते. नाहीतर ‘यात लोखंड आहे’ म्हणून भंगारवाला अंदाजाने वजावट धरतो, आणि ती वजावट आतल्या लोखंडाच्या खऱ्या वजनापेक्षा नेहमी जास्त असते. जे व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहेत ते मी मोडीत घालतच नाही, दुरुस्ती करणारे लोक ते मोडीपेक्षा चांगल्या किमतीला नेतात.

लेथवर पितळ कातताना निघणारा कीस मात्र वेगळा विषय आहे. माझ्याकडे तो थोडाच येतो. त्याला घन तुकड्यांपेक्षा कमी भाव मिळतो आणि त्याला कारण आहे. किसात तेल आणि ओलावा असतो, लोखंडाचे कण मिसळलेले असतात, आणि बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा असल्याने भट्टीत जळून जाणारा भाग वाढतो. पितळ सुमारे ९०० ते ९४० अंश सेल्सिअसला वितळतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे वितळतानाच थोडं जस्त पांढरा धूर होऊन उडतं. ओतशाळेला ही घट सोसावी लागते. म्हणून कीस वेगळ्या डब्यात, चुंबक फिरवून आणि तेल निथळवून नेतो. तो तुकड्यांच्या पोत्यात कधीच मिसळत नाही.

भावाबद्दल मी एक वही ठेवली आहे. तांबं आणि जस्त यांचे भाव रोज जाहीर होतात. लंडन मेटल एक्सचेंज १८७७ पासून धातूंचा बाजार चालवतं आणि जगभर त्याच भावांकडे पाहिलं जातं. पितळेच्या मोडीचा भाव या दोन भावांच्या मागे चालतो. हिशेब समजण्यापुरता तांब्याचा भाव १०० आणि जस्ताचा ३० धरा. ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असलेल्या पितळेतल्या धातूची किंमत ६० अधिक १२, म्हणजे ७२ होते. हे ७२ आपल्या हातात येणार नाहीत, त्यातून निवड, वाहतूक, भट्टी आणि प्रत्येकाचा नफा जातो. पण वरची मर्यादा कळते. जुन्या चांगल्या व्हॉल्व्हमध्ये कधी ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के असा लालसर मिश्रधातू असतो. त्याची मर्यादा अर्थातच बरीच वर जाते, आणि तो पिवळ्या पितळेच्या भावात दिला तर विकणाऱ्याचं नुकसान होतं. त्यासाठीच ती वेगळी बादली.

वहीत मी मिळालेल्या भावासोबत त्या दिवसाच्या तांब्याच्या भावाशी त्याचं प्रमाण लिहितो. नुसता भाव लिहिला तर मागच्या वेळेपेक्षा कमी का मिळाला ते कळत नाही, बाजार पडलाय की भंगारवाल्याने भाव पाडलाय. प्रमाण लिहिलं की दोन्ही वेगळे दिसतात. माझ्या वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसते: तांबं घसरलं की मोडीचा भाव त्याच दिवशी उतरतो, तांबं चढलं की मोडीचा भाव वाढायला वेळ लागतो. त्यामुळे तांबं नुकतंच चढलेलं असेल आणि पैशांची घाई नसेल तर मी थोडं थांबतो. भाव फोनवर विचारताना नुसतं ‘पितळेला काय भाव?’ विचारत नाही. ‘पिवळं पितळ आहे, क्रोमचे नळ धरून, लोखंड काढलेलं, एवढे किलो’ असं सांगतो आणि निदान दोनतीन ठिकाणी विचारतो. मोघम विचारलं की मोघमच भाव मिळतो.

निवडलेला माल घेऊन गेल्यावर भंगारवाल्याशी नातंही सुधारलं. आता तो माझं पोतं जमिनीवर ओतून चाळत बसत नाही. वरून एक नजर टाकतो, चुंबक फिरवतो आणि तोलतो. त्याचाही वेळ वाचतो आणि मागच्या काही विक्रींत वजावटीचा शब्दही निघालेला नाही.

खरेदी करणाऱ्यांनी काटा घेताना ५० किलोचा घ्यावा, पण पोतं ३० किलोच्या वर भरू नये. उचलायला सोपं जातं आणि काट्यावरही ताण येत नाही. हुक जाड पोलादाचा आहे का ते पाहावं, माझ्या काट्याचा मूळ हुक वाकायला लागला म्हणून मी तो बदलून घेतला. कानस महागडी घेण्याची गरज नाही, पण जस्ताने तिचे दात भरतात, त्यामुळे सोबत तारेचा ब्रश हवा. चुंबक दोन घ्यावेत, एक साधा आणि एक जोरदार. आणि जोरदार चुंबक पेसमेकर असलेल्या माणसाजवळ नेऊ नये.