माडावर चढताना: नुसता कमरपट्टा की हार्नेस?

कमरपट्टा स्वस्त आणि हलका, चटकन बांधून होतो. म्हणून कोकणातल्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, तोच सोयीचा वाटतो. पण पाय निसटला की सगळा भार पोटावर येतो, पट्टा बरगड्यांकडे सरकतो. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे जोडलेले पट्टे; त्यात तोच भार मांड्याही उचलतात. माझं मत हार्नेसलाच, पण तो सैल असेल तर काय उपयोग!

हार्नेसचा कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर घट्ट हवा. मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जावा, मूठ जाऊ नये. हे खाली एकदा बघून भागत नाही. झावळ्यांत वळता-वाकताना बकल सरकतं, किनाऱ्याची रेती त्याच्या दातांत बसली तर पकडही सुटते. म्हणून शेंड्याला पोचल्यावर, कोयता काढण्याआधी पट्टे तपासा. घट्ट करायचे तर आधी दुसरा दोर खोडाला अडकवा.