पैठणच्या पाच एचिंगपैकी घ्यावं असं एकच

छत्रपती संभाजीनगरच्या एका चित्रदालनात पैठणवरच्या पाच एचिंगचा (तांब्याच्या प्लेटवर द्रावणाने रेघा खाऊन, त्यात शाई भरून कागदावर छापलेल्या चित्रांचा) संच विक्रीला आहे. प्रत्येकी साडेचार हजार, फ्रेम वेगळी. आम्ही सुचवू ते एकच: नाथांच्या समाधी मंदिरात भिंतीला टेकून माळ ओढणारी म्हातारी.

या चित्रातली शांतता प्लेट तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये किती वेळ ठेवली यात आहे: जितका जास्त वेळ, तितकी रेघ जाड आणि काळी. चेहऱ्याच्या रेघा दहाएक मिनिटांतच वॉर्निशने झाकल्या असाव्यात, म्हणजे पुढे खाल्ल्या जाऊ नयेत, लुगड्याच्या चुण्यांना त्याच्या तिप्पट वेळ, मागच्या अंधाराला तासभर. म्हणून तोंडावरची रेघ केसाएवढी उरलीय आणि नजर थेट बोटांवर जाते. मण्यांना तर रेघच नाही. ॲक्वाटिंटच्या (राळेची पूड बसवून सलग छटा खायची रीत) आधी ते झाकून टाकलेत, आता दिसतो तो कोरा कागद. राळेची पूड बारीक, सारखी बसली की असा मऊ काळोख मिळतो. खालून पुरेशी तापवली नाही तर दाणे सुटतात आणि तिथे तांबं सरसकट खाल्लं जातं. काकडआरतीच्या चित्रात आभाळाला चट्टे पडलेत ते त्यामुळेच. (त्यात माणसं पन्नास आहेत, हात जोडलेलं मन एकाचंही दिसत नाही.)

गोदाघाटाच्या चित्रात प्लेट नीट पुसलेलीच नाही. टार्लटननंतर (शाई पुसायचं जाळीदार, कडक कापड) तळहाताने पुसायचा कंटाळा केला की शाईचा पातळ थर राहतो. त्याला 'संध्याकाळ' म्हणून खपवता येतं. ३/२५ आणि ११/२५ (पंचवीस प्रतींतली तिसरी आणि अकरावी) शेजारी ठेवून बघा, एकात संध्याकाळ, दुसऱ्यात मध्यरात्र. कडेच्या रेघाही तुटक आहेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत भिजवलेल्या कागदाच्या कडा प्रेसपर्यंत जाईतो सुकतात आणि खोल रेघेतली शाई ओढून घेत नाहीत. भिजवलेले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले असते तर हे टळलं असतं.

घेताना कागद उजेडात तिरका धरा. अस्सल एचिंगची रेघ कागदावर किंचित उठून दिसते. चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला ठसा पाहून भुलू नका, तो यंत्रावर छापलेल्या नकलेवरही नंतर मारता येतो.

दालनाची फ्रेम नकोच. मागे साधा पुठ्ठा आहे, त्याने कागद पिवळा पडतो. काच शाईला टेकलेली आहे, पावसाळ्यात चिकटेल. आम्लमुक्त माउंट (काच चित्रापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) लावून बाहेरून करून घ्या.