जर्मनी की ब्रिटन? आधी भाडं बघा

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतून यंदा दोन मुली मास्टर्सला निघाल्यात. दोघींच्या आया जिन्यात गाठून एकच विचारतात, "तुमच्या मुलाला महिन्याला किती लागतात हो?" मुलगा जर्मनीत आहे, भाची मँचेस्टरला राहून आली. म्हणून या दोन देशांचंच सांगते.

जर्मनी व्हिसाआधीच वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायला लावतं. तिथे पोचलं की महिन्याला ९९२ सुटतात. म्हणजे बारा लाख एकदम उभे करायचे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, हा दिलासा. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. ब्रिटन पैसे अडकवत नाही, खात्यात सलग २८ दिवस दाखवा म्हणतं: नोव्हेंबर २०२५ पासून लंडनला महिन्याचे १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. फी मात्र घाम फोडते, वर आरोग्य सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, तोही आधीच.

खरी गोम भाड्यात. जर्मन जाहिरातीत 'काल्ट' भाडं असतं. हीटिंग-पाणी धरलं की ते 'वार्म' होतं, आणि डिपॉझिट तीन काल्ट भाड्यांपर्यंत जातं. ब्रिटनमध्ये भाडं आठवड्याचं सांगतात. भाचीने ते चारने गुणून महिन्याचं बजेट मांडलं. वर्षाचे आठवडे बावन्न, त्यामुळे बारा महिन्यांत तेरा भाडी गेली. (इंजिनीअर आहे हो ती!)

मुलाच्या खोलीत दाराशी रिकाम्या बाटल्यांची पिशवी कायम लटकलेली दिसते. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. शनिवारी सुपरमार्केटच्या मशीनमध्ये त्या टाकायच्या, आलेल्या पावतीवर कांदे-बटाटे घ्यायचे; रविवारी दुकानं बंद.

कॅनडा आता २२,८९५ डॉलर दाखवायला सांगतो, ऑस्ट्रेलिया २९,७१०, आपापल्या डॉलरमध्ये. स्वस्त म्हणून निवडावेत असे हे देश राहिले नाहीत.

पहिल्या मजल्यावरची जर्मनचा क्लास लावून बसलीय, दोन वर्षं काढायची तयारी आहे. तिने जर्मनीच धरावं. तिसऱ्या मजल्यावरचीचे वडील लवकरच रिटायर होताहेत. कर्ज मोठं होईल, पण कोर्स एका वर्षात उरकतो, म्हणून तिला ब्रिटन सुचवलं. लंडन सोडून.