लाल चकतीचं घड्याळ: दोन सत्रं वर्गात वापरून

हे घड्याळ घेतलं तेव्हा माझा घसा बसला होता. डॉक्टरांनी तीन दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि दुसरीचा वर्ग, ३८ मुलं, मी खुणांवर चालवला. त्या तीन दिवसांत आपण एरवी वर्गात काय काय बोलतो ते ध्यानात आलं. त्यातलं निम्मं शिकवणं नव्हतंच. ‘वह्या आत ठेवा.’ ‘आवरलं का?’ ‘चला, चला, चला.’ ‘आता शेवटचं सांगते हं.’ आणि ते शेवटचं सांगून झाल्यावर आणखी चारदा. मुलांना ते पाठ होतं. बाईंचं शेवटचं म्हणजे मधलं, एवढं गणित त्यांना माझ्या आधी जमलं होतं.

तर घड्याळ. आठ इंची चौकोनी चौकट, साठ मिनिटांची तबकडी आणि तिच्यावर लाल चकती. मधली खुंटी फिरवून हवी तेवढी मिनिटं लावायची, तेवढा भाग लाल दिसतो आणि वेळ जाईल तसतशी लाली आक्रसत जाते. शून्यावर आली की बारीकशी पिपाणी वाजते. एक पेन्सिल सेल लागतो. टिकटिक होत नाही, आणि ही मोठीच सोय आहे, कारण शांत वर्गात टिकटिकणारं घड्याळ म्हणजे ३८ जणांना मान वळवायला आयतं निमित्त.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेतल्या जॅन रॉजर्स या बाईंनी केली. त्यांची चार वर्षांची लेक सारखी ‘अजून किती वेळ?’ विचारायची, तिला उत्तर डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्यांचं घड्याळ ‘टाइम टायमर’ या नावानं मिळतं. माझ्याकडचं त्यांचं नाही, त्याच धर्तीवर दुसऱ्या कुणी केलेलं आहे. तेव्हा खालच्या तक्रारी माझ्या हातातल्या नगापुरत्या धरा.

सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटं’ म्हटलं की त्याच्या डोक्यात काहीच उमटत नाही. तो मोठ्या माणसांचा एक शब्द आहे, बस्स. मोठी माणसंही तो कसा वापरतात? फोनवर बोलताना ‘पाच मिनिटांत आले’ म्हणायचं आणि अर्ध्या तासानं उगवायचं. माझ्या वर्गात घड्याळ शिकवून झालेलं असतं, तरी तास काटा कुठला नि मिनिट काटा कुठला यावर दर आठवड्याला एक भांडण होतं. लाल भाग मात्र मोठा होता, आता लहान झाला, हे बघायला शिकावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मी ते फळ्याच्या कडेला टेकवून ठेवलं, काही न बोलता सहा मिनिटं लावली आणि फळ्यावर लिहिलं: गणिताची वही आत, गोष्टीचं पुस्तक बाहेर. आधी गलका झालाच. ‘बाई, हे काय आहे?’ ‘बाई, बॉम्ब आहे?’ मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘अरे, ते कमी होतंय!’ त्यानंतर जे झालं ते मी सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. मुलं एकमेकांना सांगायला लागली, ‘आवर ना, बघ ना किती राहिलं!’ दोन मिनिटं उरली असतानाच वर्ग तयार. उरलेल्या दोन मिनिटांत काय करायचं ते मलाच सुचेना, तेव्हा आम्ही सगळे मिळून लाली संपताना बघत बसलो. पिपाणी वाजली आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या आठवडाभरच टिकल्या, हेही सांगून टाकते. नवलाई ओसरली की लाल चकती भिंतीवरच्या पालीइतकीच ओळखीची होते. पण आवरण्याचा वेळ पुन्हा वाढला नाही. पूर्वी एका विषयातून दुसऱ्यात जाताना माझी आठ-दहा मिनिटं सहज जायची, आता चार-पाचांत होतं. दिवसात असे पाच-सहा सांधे येतात, हिशोब तुम्हीच करा.

हे सांधेच महत्त्वाचे, हे काही मी शोधलेलं नाही. जेकब कौनिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वर्गांची चित्रफीत घेऊन बारकाईनं पाहिली आणि १९७० साली त्यावर लिहिलं. मूल चुकल्यावर शिक्षक काय बोलतो, कसा रागावतो, यावरून वर्गाच्या वागण्यातला फरक काही कळेना. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: पाठ अडखळत नाही ना, एका कामातून दुसऱ्यात जाणं सुरळीत होतं ना, आणि बाईंच्या पाठीला डोळे आहेत असं मुलांना वाटतं ना. घड्याळ पाठीला डोळे देत नाही. पण ओरडण्यात गुंतलेले पुढचे दोन डोळे मोकळे करतं. पूर्वी आवरण्याच्या वेळी मी वर्गाकडे बघतच नव्हते, वर्गावर बोलत होते. आता बघते. कोण दप्तरात डोकं घालून बसलंय, कोणाची पट्टी कोणी लपवली, दिसतं सगळं.

आणि यातला खरा फायदा मला फार उशिरा कळला. एक मुलगा आहे, पहिल्या बाकावरचा गडी. माझं कुठलंही वाक्य त्याला आव्हान वाटतं. ‘चित्र ठेव’ म्हटलं की दोन्ही हातांनी चित्र धरणार. त्याचं नि माझं रोज एकदा तरी वाजायचं. घड्याळ आल्यावर एकदा लाल संपत आलं, चित्र अर्धंच होतं, मी काही बोलले नव्हते. तो चकतीकडे बघून म्हणाला, ‘बाई, त्याला सांगा ना जरा थांबायला.’ मी म्हटलं, ‘माझंही ऐकत नाही रे ते.’ त्यावर तो हसला आणि चित्र ठेवून दिलं! माझ्याशी भांडता येतं, चकतीशी काय भांडणार? आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

मग मी माती खाल्ली.

घड्याळ चाललंय म्हटल्यावर मी त्याला छडी केलं. ‘लाल संपायच्या आत झालं नाही तर खेळाचा तास नाही.’ दोन दिवसांत अक्षरं बिघडली. वह्यांमध्ये कोंबड्यांचे पाय. एक हळू लिहिणारी मुलगी लिहायचं सोडून नुसती चकतीकडे टक लावून बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, ‘लाल संपतं बाई, माझं संपत नाही.’ हे वाक्य ऐकून मी त्याच दिवशी लिहिण्याच्या कामावरून घड्याळ काढलं. आवरणं, गटात बसणं, वाचनाचा निवांत वेळ, यांना ते लागतं. लिहिण्याला, गणिताला, परीक्षेसारख्या कशालाही लागत नाही. त्या मुलीची जागाही बदलली, तिला ते समोर दिसणार नाही अशी, आणि वेळ संपत आली की मी जाऊन तिच्या बाकावर दोन बोटं टेकवते. दोन मिनिटं राहिली, असा त्याचा अर्थ. आमच्या दोघींतला.

दुसरी चूक शर्यतीची. जी रांग आधी आवरेल ती जिंकली. तिसऱ्या दिवशी एका रांगेतल्या सावकाश मुलावर त्याचीच रांग तुटून पडली, ‘तुझ्यामुळे हरलो’. वर्ग शिस्तीत आणि एक मूल रडतंय, असलं चित्र. रांगांचा खेळ मुळात वाईट नाही. १९६९ साली बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या वर्गावर असाच एक खेळ करून त्याचा अभ्यास छापला होता: दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावापुढे खूण. पण त्यात खुणा ठरल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. मी नेमकं हेच गाळलं होतं. आता आमच्याकडे सगळा वर्ग विरुद्ध लाल चकती, एवढाच सामना असतो. हरलो तर सगळे हरलो. मीसुद्धा, कारण माझं टेबल आवरलेलं नसलं तर मुलं ते मोजतात.

घड्याळाच्या आधी मी गुणांचं एक ॲप वापरत होते, नाव नको. चांगलं वागलं की गुण, वाईट वागलं की वजा, आणि वजा होताना सगळ्या वर्गासमोर एक आवाज. तो आवाज आला की ३७ माना एका दिशेला वळायच्या. शिवाय महिनाभरात मुलं फळा पुसायच्या आधी विचारायला लागली, ‘किती गुण?’ लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मला डी.एड.ला होता. ज्यांना चित्र काढायची मुळातच आवड होती त्यांना ‘बक्षीस मिळेल’ सांगून चित्रं काढायला लावली, तर पुढे मोकळ्या वेळात त्यांचं चित्र काढणं कमी झालं. परीक्षेत हे लिहून चांगले मार्क मिळवले होते आणि वर्गात नेमकं उलटं करत होते. घड्याळ काही देत नाही नि काढून घेत नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं.

आता वस्तू म्हणून उणिवा, आणि त्या आहेत.

पाच मिनिटांच्या आतल्या वेळेला याचा भरवसा नाही. दोन मिनिटं लावली की कधी दीड होतात, कधी अडीच. मोबाइलशी ताडून पाहिलं. नेमकी वेळ हवी असेल तर साधं आकड्यांचं टायमर घ्या. आठ इंची आकार शेवटच्या बाकावरून अपुरा पडतो. ३०-४० मुलांच्या वर्गाला बारा इंचीच बघा. समोरचं प्लास्टिक इतकं चकचकीत आहे की सकाळच्या उन्हात डावीकडच्या रांगेला चकतीऐवजी खिडकी दिसते. मागचा टेकू तकलादू, पहिल्या महिन्यातच निखळला, तेव्हापासून खिळ्यावर आहे. आणि पिपाणी बंद करायची कळ खुंटीपासून इतकी जवळ की वेळ लावताना तीच दाबली जाते.

टांगायची जागाही विचार करून ठरवा. मी आधी तक्त्यांच्या, कागदी फुलांच्या, वाढदिवसांच्या झाडाच्या गर्दीत टांगलं होतं आणि मुलांची नजर पोचत नव्हती. फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांचा २०१४ चा अभ्यास आहे, २४ लहान मुलांचा: सजवलेल्या खोलीत शिकताना मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या भिंतींच्या खोलीत सुमारे २८ टक्के. वाढदिवसांचं झाड काढायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून ते मागच्या भिंतीवर नेलं. समोर आता फळा, दिवसाचं वेळापत्रक आणि घड्याळ.

कोणी घ्यावं? ज्यांचा घसा आवरा-आवरा करण्यातच जातो त्यांनी जरूर. ज्यांचा वर्ग मुळात शिक्षकाला घाबरून गप्प आहे त्यांना याची गरज वाटणार नाही, आणि त्यांच्या हातात ते जाऊही नये. पाचात चार तारे. एक तारा टेकूचा, कळीचा आणि त्या चकचकीत प्लास्टिकचा मिळून कापला.

सेल मात्र जादा आणून ठेवा. सेल संपला तर ते सांगत नाही, आहे तिथे थांबतं. गेल्या महिन्यात आमचं चार मिनिटांवर थांबलं. वर्ग आवरून, पुस्तकं उघडून, हात बाकावर ठेवून वाट बघत बसला. मी वह्या तपासत होते, माझं लक्षच नाही. शेवटी पहिल्या बाकावरचा गडी उठून माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, ‘बाई, आज त्यानं ऐकलं वाटतं.’